एका मेंढीचं घराणं

"कान बघ आधी. खूण कुणाची आहे ते बघ."

"कान कसला बघू? कोकरू बघतोय मी! माझ्या मेंढीच्या कासेला चिकटलंय, सुटायला तयार नाही."

"भुकेलं कोकरू दिसेल त्या मेंढीला चिकटतं."

"आणि मेंढी? तीही दिसेल त्या कोकराला चाटते का? काय बोलतेस तू! जन्म गेला तुझा मेंढरांत."

"जन्म गेला म्हणूनच सांगते. खूण माझी, कोकरू माझं. आणि काय रे, तू मेंढी घेऊन नेमका आजच कसा उगवलास? कान कातरायच्या दिवशीच?"

हे शेवटचं खास आत्याचं. भांडणात बाजू लंगडी पडायला लागली, की ती समोरचा आलाच का यावर घसरते. समोर होते ओढ्यापलीकडचे काका, लहानपणी तिच्याबरोबर मेंढरांमागे हिंडलेले. मधे ती मेंढी, शांतपणे कोकराचं ढुंगण हुंगत उभी. आत्याच्या हातात अजून कातर होती. आणि बाबा, आत्याचे धाकटे भाऊ, पालथ्या घमेल्यावर बसून आपल्या नखांकडे बघत होते. बाबा नखांकडे बघायला लागले, की त्यांना काहीतरी माहीत असतं.

आत्याचा विश्वास कुणावरच नाही. डॉक्टर लस टोचायला आला, की ती त्याला सुई उजेडात धरायला लावते आणि विचारते, "शेजारच्यांच्यातली उरलेली तर नाही ना ही?" पाहुण्याने नुसतं "कशा आहात?" म्हटलं, तरी तो गेल्यावर म्हणते, "माझ्या तब्येतीशी याला काय करायचंय?" कुत्र्यालाही सोडत नाही. "हा ओढ्यापलीकडे जाऊन शेपूट हलवतो. मी पाहिलंय." बाबा म्हणतात, ताई आरशासमोर उभी राहिली तरी आधी विचारेल, कोण पाहिजे? लग्न का नाही केलंस, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. "आलं होतं एक स्थळ," ती म्हणाली. "फार गोड बोलत होता." तेवढं कारण तिला पुरलं होतं.

पण याच संशयामुळे तिला मान आहे. पिकं निघाली की सगळ्यांचे कळप मोकळ्या माळावर एकत्र चरतात; लहान कोकरं आणि त्यांच्या मेंढ्या तेवढ्या घरी राहतात. मग एक दिवस ठरवून ते वेगळे करायचे. त्या दिवशी आत्या माळावरच्या सपाट दगडावर बसते. कुणाचं ते ठरत नाही असं जनावर तिच्यासमोर आणतात. ती कान अंगठ्याखाली धरते, कडेवरून एकदा फिरवते आणि घर सांगते. संपला वाद. मोतीबिंदू वाढल्यापासून तिला खुणा दिसत नाहीत, पण अंगठा आहे. तिचा शब्द आजवर कुणी मोडलेला नाही. यंदा कळप वेगळे करायचे होते ते उद्याच.

दुसरा मान पणजोबांचा. पणजोबा या भागात आले ते एका गाभण मेंढीची दोरी हातात धरून, आणि बघता बघता त्यांनी माळ पांढरा केला. ही आमच्या घराण्याची गोष्ट. आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून मी ती किती वेळा ऐकली असेल! फक्त ती मेंढी आली कुठून, हे दरवेळी बदलायचं. कधी बाजारातून, कधी सासऱ्यांकडून, कधी वाटेत आपणहून मागे लागलेली. एका मेंढीला इतकी कोकरं कशी, असं विचारलं की आत्या म्हणायची, "जुळी व्हायची. झोप आता."

त्याच वर्षांत ओढ्यापलीकडचा कळप मात्र आटत गेला. काकांच्या आजोबांना लोक हरव्या म्हणू लागले. चालता चालता मेंढरं हरवणारा माणूस. माणूस गेला, नाव चिकटून राहिलं. दुकानात कुणी छत्री विसरलं तरी अजून हसून विचारतात, "हरव्यांकडचे का तुम्ही?" काकांची नातवंडं शाळेत हेच ऐकतात.

"तू सांग रे," काका बाबांकडे वळले. "या कोकराला चीर तू दिलीस?"

बाबा नखं बघत राहिले.

आमची खूण अशी: उजव्या कानाच्या खालच्या कडेला एक चीर, आणि मग कानाचं टोक उडवायचं. घरातली रीत अशी, की चीर एकाने द्यायची आणि टोक दुसऱ्याने. दोन्ही एकाच हाताने कधीच नाही. का, ते विचारलं तर "आपल्यात तसंच असतं." सकाळपासून बाबा चीर देत होते, मी कोकरं आत्याच्या कोपऱ्यात सोडत होते, आणि ती चीर चाचपून टोक उडवत होती. हे कोकरू मी सोडलं नव्हतं. ते कुंपणाच्या फटीतून आपणहून तिच्या कोपऱ्यात शिरलं असणार.

"नाही," बाबा शेवटी म्हणाले. "ताई, या कोकराला मी हात लावलेला नाही."

"मग चीर आभाळातून पडली?"

"चीर माझी आहे," काका म्हणाले. "आमची खूण तेवढीच. उजव्या कानाला एक चीर. मागच्या आठवड्यात मी स्वतः दिली."

आत्याने कातर मिटली. "अंगठ्याला चीर लागली, मी टोक उडवलं. चूक झाली. माणसाचीच होते. घेऊन जा तुझं कोकरू."

खरं तर इथे संपायला हवं होतं. आत्या चूक म्हणाली, ही घटनाच मोठी. पण काका हलले नाहीत. त्यांनी कुंपणावरच्या वेलाचं एक लांबट पान तोडलं, खालच्या कडेला नखाने फाडलं आणि आत्याच्या तळहातावर ठेवलं.

"ही माझी खूण. हो ना?"

"खेळ कसले मांडतोस म्हातारपणी?"

काकांनी पान उचललं, टोक खुडलं आणि परत ठेवलं. "आता ही कुणाची?"

आत्याचा अंगठा पानाच्या कडेवरून आपोआप फिरला.

"तुझी झाली," काका म्हणाले. "एका खुडण्यात. आता हिची परत माझी करून दाखव."

मेंढी जरा बाजूला सरकली. कोकरू तिच्याबरोबर सरकलं.

"पान आहे ते," आत्या म्हणाली. "पानावरून माझ्या आजोबांना चोर म्हणतोस?"

"चोर हा शब्द तू काढलास. मी नाही."

"अहो, पण..." बाबा उठले. "इतकी जुनी गोष्ट. कोण बघायला होतं? खूण जुळली म्हणून लगेच..."

"तुमच्यात चीर एकाने द्यायची आणि टोक दुसऱ्याने, असं का रे?" काकांनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर माझ्याकडे असेल. पहिल्यांदा चीर देणारा हात आमचा नसेल तर? मी आत्याकडे पाहिलं. तिने अजून पान टाकलं नव्हतं.

"आणि अजून एक," काकांचा आवाज आता खाली आला होता. "माझी चीर आठवड्याची. खपली धरून सुकलेली. तुझ्या भावाच्या चिरा आजच्या, ओल्या. गेल्या वर्षी याच अंगठ्याने तू कातरलेला कान आणि काट्याने फाटलेला कान वेगळे ओळखलेस, सगळ्यांदेखत. आज सुकलेली चीर कळली नाही?"

"नाही कळली."

"कळली नाही, की कळली?"

बाबा म्हणाले, "असं नका बोलू हो." पण त्यांनीही आत्याकडे पाहिलं. मीही पाहत होते. अंगठा चुकला म्हणावं, तर उद्या त्या दगडावर कुणाचा निवाडा करणार होती ती? आणि चुकला नाही म्हणावं, तर?

"तुला काय हवंय?" आत्याने विचारलं. "कोकरू घे. त्याच्याबरोबर आणखी एक घे. माझी एखादी मेंढी घे."

"काही नको. उद्या माळावर सगळे असतील. त्यांच्यासमोर एवढंच म्हण, की माझा आजोबा मेंढरं हरवत नव्हता. तुझ्या आजोबांचं नाव काढू नकोस. कान, चीर, टोक, काही बोलू नकोस. तो हरवत नव्हता, एवढंच. तू म्हणालीस की लोक मानतील. म्हणशील?"

आत्याने पदराने कातर पुसली, आधी एक पातं, मग दुसरं, आणि ती बाबांच्या हातात दिली. मग काका आणि मेंढी यांच्या मधल्या जागेतून, दोघांनाही धक्का न लावता, ती फाटकाबाहेर निघून गेली.