बरणीतला मांसाहारी

जयपुरात किड्यांना पाहुण्यासारखं वागवणारा माणूस एकच होता, आणि मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. विम्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, जवाहर नगरात एकटे राहणारे काका. मी परभणीकडची, सातवीत शाळा सुटलेली. मागची खोली त्यांनी मला राहायला दिली होती, आणि ती जाईल या धास्तीने मी भाजीत मीठसुद्धा भीतभीत टाकायचे.

काकांच्या काचेच्या बरणीत बोरीच्या काड्या असत. काड्यांवर लाखेचे किडे, आणि त्यांना खाणारी एका पांढऱ्या पतंगाची अळी. आल्यागेल्याला चहाआधी भिंगातून अळी पाहावी लागे. "बाकीच्या अळ्या पानं खातात गं, ही मांसाहारी. आमच्या शाकाहारी घराण्यात मी, तशी!" एवढं म्हटलं की त्यांना मटण आठवायचं आणि मला मसाला वाटावा लागायचा. राजा पार्कात लाखेच्या बांगड्यांच्या दुकानात शिरून त्यांनी अभिमानाने सांगितलं, "भैया, आपके धंधे का दुश्मन मेरे घर में पलता है." दुकानदाराने हात जोडले, "बाबूजी, बस घर में ही रखना!" मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, तुम्ही विसरता हल्ली, नागपूरला या. काका म्हणत, "आणि अळ्यांकडे कोण बघणार?" रोज सकाळी ते बरणी गच्चीवर नेत, उजेडात अळ्यांची विचारपूस करत आणि ऊन चढायच्या आत खाली आणत.

मे महिन्यात एकदा ते बाहेर गेले असताना मला बरणीत बारीक काळे किडे दिसले. हे काकांच्या अळ्या खातील, असं वाटलं. तांदळाला सोंडे लागले की आम्ही ऊन दाखवतो, तसं दाखवावं म्हणून बरणी गच्चीवर ठेवली. आणि भाकऱ्यांच्या नादात विसरले.

काका आले तेव्हा लाख मऊ होऊन काचेला चिकटली होती. अळ्या संपल्या होत्या. पायरीवर बसून ते म्हणाले, "सकाळी खाली आणायची विसरलोच की मी."

मी तोंड उघडलं. खोली आठवली. मिटलं.

संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन केला. "तुझं खरं होतं, बेटा. येतो मी."

जाताना शेजारच्या बाईंकडे माझं काम लावून दिलं, खोलीसकट. भिंग माझ्या हातात ठेवलं. "तुझं लक्ष असतं बघ."

दर दिवाळीला मी फोन करते. "माझी आठवण आहे ना गं?" ते विचारतात. आहे काका, म्हणते. बरणी मी नेली होती, हे चार शब्द तेवढे राहून जातात.