डब्याला दाढी नाही

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सिस्टर त्यांच्या ओळखीच्या न्हाव्यासाठी गोळ्यांची पाकिटं भरत होत्या. सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी. दारू सोडायची, पण घरी राहून, असं त्याचं जवळजवळ ठरलं होतं, आणि तसं सुचवलं होतं सिस्टरांनीच. व्यसनमुक्तीच्या या दवाखान्यात त्यांच्या नोकरीची अर्धी वर्षं गेली होती. समोरच्याचं पाणी त्या पाच मिनिटांत जोखतात असा त्यांचा लौकिक होता, आणि तो त्यांना स्वतःलाही मान्य होता.

न्हाव्याला त्यांनी सगळं विचारलं होतं. किती घेतोस, कधीपासून, बंद केल्यावर कधी फिट आली होती का? "छे हो सिस्टर!" तो म्हणाला होता.

आता राहिला होता कॉम्प्युटर. नवा प्रोग्रॅम तेच प्रश्न पेशंटला पुन्हा विचारायचा. कानाला हेडफोन लावायचा आणि स्क्रीनवर बोटाने उत्तर द्यायचं. उत्तरांवरून तो उपचाराचा आराखडा सुचवायचा. शेवटचा शब्द डॉक्टरांचा. प्रश्न वाचणारा आवाज बँकेत नंबर पुकारावा तसा कोरडा. सिस्टर त्याला 'डबा' म्हणत. दळलेलंच दळायची हौस, असं पुटपुटत त्यांनी न्हाव्याला त्याच्यापुढे बसवलं होतं.

त्यांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर लाल पट्टी उमटली. पूर्वी दोनदा फिट. घरी उपचार धोक्याचे, भरती करावे.

पाकीट हातातच राहिलं. अशा माणसाने घरी दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत काय होऊ शकतं, ते त्यांनी पाहिलं होतं. त्या तडक बाहेर गेल्या. न्हावी बाकावर बसला होता, शेजारी बायको.

"हिच्यासमोर बोलू?"

त्याने मान डोलावली.

"फिटचं मला नाही म्हणालास, आणि डब्याला हो?"

"सिस्टर, तुमच्या मिस्टरांची दाढी मी करतो," न्हावी खाली बघत म्हणाला. "याला फिट येते असं एकदा कळलं, की माझ्या वस्तऱ्याखाली मान कोण देईल? डब्याचं काय, त्याला दाढीच नाही."

बायको उसळली. "दुकानात पाय घसरला म्हणालात, ते हेच ना? दोन्ही वेळा? आणि मी त्या फरशीला शिव्या घालत बसले!"

सिस्टरांना आधी हसू आलं, मग घाम फुटला. एवढ्या वर्षांची ओळख, आणि ती ओळखच आडवी आली होती. अर्ध्या तासाने हा माणूस गोळ्या घेऊन घरी गेला असता.

डॉक्टरांनी पट्टी वाचली, न्हाव्याला स्वतः पुन्हा विचारलं आणि भरतीच्या कागदावर सही केली. खाट रिकामी होती. वस्तरा तूर्त बंद. पुन्हा कधी धरायचा ते डॉक्टर सांगतील.

"आणि मिस्टर?" न्हाव्याने हळूच विचारलं.

"इथलं बोलणं मी घरी नेत नाही. वाढू दे त्यांची दाढी. नाहीतरी आरशात बघायचा त्यांना कंटाळाच आहे."

न्हावी पहिल्यांदा हसला. बायकोने भिंतीला डोकं टेकलं. "आज मी झोपेन," ती म्हणाली, "कितीतरी दिवसांनी."

सिस्टरांनी पाकिटं उघडून गोळ्या कपाटात परत ठेवल्या. उद्या सकाळी सहाला वॉर्डात त्यांचीच ड्यूटी आहे. पहिली खाट न्हाव्याची: नाडी, रक्तदाब, आणि पुढे धरलेल्या हातांची थरथर तपासायची.