बेवारस धूर

"सांग तिला, आज चूल पेटवू नकोस म्हणावं."

सर हे मला इंग्रजीत म्हणाले, नाकावरचा रुमाल न काढता. दातिवऱ्याच्या त्या अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांचा वास होता, आणि जिला सांगायचं ती कोळीण मावशी हाताच्या अंतरावर उभी होती. पालघरच्या कॉलेजात सर रसायनशास्त्र निम्मं मराठीतच शिकवायचे. पण कोळीवाड्यात पाऊल टाकलं की त्यांची मराठी संपायची. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून ते मला आपल्यातली समजत.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी त्यांची संशोधन सहायक होते. विषय होता, परदेशी जहाजांचा धूर कमी कसा करावा. "जहाज एका देशाचं, माल दुसऱ्याचा, तेल तिसऱ्याचं. म्हणून धूर बेवारस," हे सरांचं लाडकं वाक्य. दूरवरून मुंबईकडे जाणारी जहाजं ते दुर्बिणीतून बघत, आणि नुसत्या धुराच्या रंगावरून सांगत, "यात डांबरासारखं जड, स्वस्त तेल जळतंय." तेव्हा रुमाल नकळत खाली यायचा आणि चेहरा शाळकरी मुलाचा व्हायचा. त्या चेहऱ्याकडे बघूनच मी हे काम घेतलं होतं.

मावशींचं घर समुद्राला सगळ्यात जवळ. त्यांच्या छपरावर आमचा हवा ओढणारा पंप असायचा आणि त्याच्या तोंडाशी पांढरा फिल्टर पेपर. समुद्राकडून वारा असेल त्याच दिवशी पंप चालू, आणि पंप चालू तर चूल बंद. लाकडाचा धूर नमुन्यात मिसळायला नको.

मी निरोप सांगितला. मावशी कमरेवर हात ठेवून हसल्या.

"येवरं मोठं जहाज तुमाला इझवता येत नाय, माजी चूलच गावली काय?"

पण त्यांनी चूल पेटवली नाही. पोरांच्या हातावर शिळी भाकरी ठेवली. सर ओट्यावर बसले आणि स्टेशनवरून आणलेली पुरीभाजी खाऊ लागले. पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग मावशींच्या हंड्यातलं पाणी घेऊन सरांनी खळखळून चूळ भरली आणि ती बोंबलांच्या अगदी कडेला टाकली. मी मान फिरवली. ती किळस मला आजही तशीच आठवते.

निघताना त्यांनी विचारलं, "सुके बोंबील आहेत का चांगले?" एवढं मात्र मराठीत.

पेपर काळा निघाला की सर तो चिमट्यात धरून उन्हात न्यायचे. "बघ, बेवारस!" म्हणायचे.

पुढे एका जहाज कंपनीचे गृहस्थ कॉलेजात येऊ लागले. परदेशातल्या परिषदेचं बोलणं निघालं. सरांनी सूट शिवायला टाकला. आणि एका दुपारी मला निबंध टाइप करायला सांगताना ते म्हणाले, "काजळीचा मुख्य स्रोत, किनाऱ्यावरच्या घरगुती चुली. उपाय, तिथे लाकूड जाळायला बंदी घालावी."

माझी बोटं थांबली. "सर, पण चूल तर..."

"पुढे लिही," ते मऊ आवाजात म्हणाले आणि रुमालानं चष्मा पुसू लागले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खोटं बोलताना त्यांचा आवाज चढत नाही, उलट मायाळू होतो. जहाजाला वारस शोधणं अवघड होतं. मावशींचा पत्ता सरांना ठाऊक होता.

पंप उतरवायला आम्ही शेवटचे दातिवऱ्याला गेलो. मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"सर, काय निगालं मंग? सांगा तरी. आमी पोरांना उपाशी ठेवलंय त्याच्यापायी."

सर माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "काहीतरी गोड सांग. आणि चल लवकर."

पलीकडे एक जहाज काळा पट्टा ओढत चाललं होतं. सरांनी तिकडे पाहिलंही नाही. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझा आवाज वर्गात पहिल्या बाकापर्यंतही पोचत नसे. त्या दिवशी तो शेजारच्या अंगणात ऐकू गेला.

"मावशी, सर लिहितायत की काजळी तुमच्या चुलीची आहे, आणि चूल बंद करा. हे खोटं आहे, आणि ते त्यांना माहीत आहे."