एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघांचं शिबिर

दिवाळी आटोपली की नेरला आमचं शनिवार-रविवारचं विचारशिबिर असतं. ते भरवणारे दोघंच. एक माझे शाळेतले सर, आता निवृत्त झालेले. दुसरे भाऊ, ज्यांची गावाला लागून कपाशीची आणि तुरीची शेती आहे. सरांचं घर बौद्ध, भाऊंचं हिंदू शेतकऱ्याचं. दोघं लहानपणी एका बाकावर बसले आणि पुढे आयुष्यभर जोडीनंच फिरले. वक्ता आणि विषय सरांकडे, हॉल, गाद्या आणि जेवण भाऊंकडे. मी यवतमाळहून येते आणि सूत्रसंचालन करते.

गेल्या वर्षीचा विषय होता 'जोडलेल्या जगातला मानवतावाद'. आणि गेल्या वर्षीच ही दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती.

कारण मला माहीत होतं, कारण ते शिबिराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांसमोर घडलं होतं. उन्हाळ्यात एका सकाळी भाऊंनी एक मेसेज पुढे ढकलला. आरक्षणातून झालेल्या डॉक्टरकडे पेशंट कसे मरतात, असा काहीतरी विनोद होता तो. सरांची मुलगी डॉक्टर आहे. सरांनी खाली एवढंच लिहिलं, 'हे आपण वाचून पाठवले का?' त्यावर भाऊंनी उत्तर दिलं नाही. दुपारी ते ग्रुपमधून बाहेर पडले. तेव्हापासून बोलणं बंद.

बोलणं बंद, पण शिबिर मात्र बंद करायचं नव्हतं. त्याबद्दल दोघांचं एकमत होतं, आणि ते एकमत त्यांनी मला वेगवेगळे फोन करून कळवलं.

शनिवारी सकाळी एसटीतून उतरून मंगल कार्यालयात पोचले तर सर पुढच्या रांगेत बसलेले, भाऊ दाराशी उभे. मधे फार तर चार-पाच खुर्च्या.

सर म्हणाले, "त्याले म्हण, गाद्या मागच्या खोलीत टाक. इथं पोरं बसतीन."

भाऊंनी ते ऐकलं होतं. तरी ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याजवळ जाऊन तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"ताई, त्यायले सांगा, मागच्या खोलीत पाणी झिरपून राह्यलं," भाऊ म्हणाले.

मी परत सरांकडे गेले. दिवसभर हेच. चहा कधी, जेवण कधी, पंखा कोणता बंद करायचा. माझ्या चपलेचा अंगठा दुपारपर्यंत तुटला. सेफ्टी पिन लावून मी निरोप पोचवत राहिले. हॉलमध्ये कॉलेजची मुलं, शिक्षक, गावातली काही जाणती मंडळी होती. त्यांना वाटलं असेल, बाई फारच धावपळ करतात.

त्यात आमचे मुख्य वक्ते पडद्यावर. मूळचे पुसदचे, आता परदेशात प्राध्यापक. ते व्हिडिओवरून बोलणार आणि त्यांचं अवघड इंग्रजी सर सोप्या मराठीत सांगणार, असं ठरलेलं. पण पडद्यावरचा माणूस दर थोड्या वेळानं तोंड उघडं ठेवून थिजून जायचा. 'जगाच्या दुसऱ्या टोकावरच्या माणसाचं दुःख' इथपर्यंत ते आले की रेंज जायची. मग मी मुलांना हसतमुखानं सांगायचं, जरा थांबू या. संध्याकाळी माझे गाल दुखत होते.

रविवारी दुपारच्या जेवणाला कणकेचे जाड रोडगे आणि वांग्याची भाजी होती. रोडगे गोवऱ्यांच्या आरावरच भाजायचे, हा भाऊंचा हट्ट. तो आर त्यांनी नेमका हॉलच्या खिडकीखाली लावला. सत्र सुरू झालं आणि धूर आत येऊ लागला. पुढच्या रांगेतली माणसं डोळे चोळायला लागली. सरांनी बोलता बोलता मला खुणेनं जवळ बोलावलं.

"त्याले सांग, ते तिकडं सरकव."

मला काय झालं कोण जाणे. दोन दिवसांचा शीण असेल, चपलेतली पिन टोचत होती तेही असेल. मी म्हटलं, "सर, ते तिथं खिडकीत दिसताहेत. तुम्हीच सांगा. मी आता कुणाचाही निरोप नेणार नाही."

 मी सरांना असं कधी बोलले नव्हते. मग ते उठले आणि बाजूच्या दारानं बाहेर गेले. त्यांच्या सदऱ्याला अडकवलेला माइक त्यांच्यासोबत गेला.

पहिलं वाक्य स्पीकरमधून आलं तेव्हा हॉलमधली कुजबुज थांबली.

"धूर आत येते. सरकव ते."

"आता सरकवलं तर कच्चे राह्यतीन." भाऊंचा आवाज थोडा लांबून, पण स्वच्छ. "अन् बोलले म्हणायचे आज. मले वाटलं, मेल्यावरच बोलसान."

मी माइकवाल्याला शोधायला धावले. तो गेटबाहेर मोबाइलवर बोलत होता. परत येऊन मीच त्याच्या पेटीवरची एक कळ दाबली, तर दिवे गेले. दुसरी दाबली, पंखे सुरू झाले. आवाज चालूच.

"मी काहून बोलू? तू ग्रुप सोडून पळाला."

"तुह्यानं एक फोन होत नव्हता? इतक्या वर्षांचा मी तुहा, अन् चार लोकांसमोर विचारतं, वाचून पाठवलं का म्हणून."

"चार लोकांसमोरच पाठवलतं तू."

भाऊ धुरानं खोकले. मग म्हणाले, "मी वाचलं नव्हतं. साडूनं धाडलं, मी पुढे ढकललं."

"मी तीनदा वाचलं," सर म्हणाले. "माही पोरगी तुह्या बैलगाडीत बसून शाळेत गेली. तुह्या आईची शुगर आजही तेच पायते. ते कशी झाली डॉक्टर, तुले माहीत नाही?"

हॉलमध्ये कोणी हलत नव्हतं. पडद्यावर आमचे वक्ते होते. दोन दिवस तुटणारं इंटरनेट आता ठणठणीत चालू होतं आणि ते मान खाली घालून ऐकत होते. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. हे दोन वाक्यांचं बोलणं. उन्हाळ्यापासून दोन वाक्यं ह्यांना बोलता आली नव्हती.

शेवटी माइकवाला आला आणि त्यानं आवाज बंद केला. खिडकीतून दिसत होतं, भाऊ आराजवळ उकिडवे बसून राख उकरत होते, सर उभे होते. मग सरांनी वाकून एक जळका रोडगा उचलला, झटकला आणि टोपलीत टाकला. भाऊंनी तो काढून बाजूला फेकला.

सर आत आले तेव्हा मी त्यांना माइकबद्दल सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. पण ते जागेवर गेले आणि उरलेलं भाषांतर पूर्ण केलं. आवाज कोरडा होता. प्रश्न कोणी विचारले नाहीत.

जेवणं उरकल्यावर आभार मानायला मी उभी राहिले, तर भाऊंनी हात वर केला. इतक्या वर्षांत ते मंचावर कधी चढले नव्हते. तेव्हाही चढले नाहीत. खालूनच म्हणाले, "तुम्ही सगळ्यायनं ऐकलंच हाय. तो मेसेज वाईट होता. मी वाचला नव्हता हे खरं, पण पाठवला मीच. मास्तराचं बरोबर हाय." आणि ते भांडी मोजायला निघून गेले. सर खिडकीबाहेर बघत होते.

त्या संध्याकाळी भाऊंनी सरांना आपल्या मोटरसायकलवरून घरी सोडलं. आता दोघं बोलतात. मला वाटलं, संपलं.

मग हिवाळ्यात भाऊंनी नेहमीसारखं सगळ्यांना शेतात तुरीच्या शेंगा खायला बोलावलं. सर आले, मी गेले. सरांची मुलगी आली नाही. भाऊ सारखे रस्त्याकडे बघत होते, तिच्यासाठी शेंगांचं एक पातेलं झाकून ठेवलं होतं. परतताना मी तिच्या दवाखान्यात डोकावले. ती पेशंट बघत होती. मी म्हटलं, "अगं, त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. किती दिवस धरून ठेवणार?"

तिनं हातातली चिठ्ठी लिहून पूर्ण केली, म्हातारीला गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावलं, मग माझ्याकडे वळली.

"ताई, ते बाबांशी बोलले. तुमच्या शिबिराशी बोलले," ती म्हणाली. "माझ्याशी अजून कोणीच बोललं नाही."

 तिनं पुढच्या पेशंटला आत बोलावलं.