डेमो किटचं वाण

कोल्हारला वैशालीच्या गल्लीत मी स्कूटर लावत होते, तेव्हा समोरून बायका परत निघाल्या होत्या. कपाळाला ताजं कुंकू आणि प्रत्येकीच्या हातात आमच्या कंपनीचा माल. एकीकडे हिरवा डबा. दुसरीकडे नुसतं पिवळं झाकण. तिसरीकडेही झाकणच.

अकरा वर्षं मी हा धंदा करते. ऑर्डर न घेता माल घरोघर जाताना पहिल्यांदाच पाहत होते.

आमच्या धंद्याला होम पार्टी म्हणतात. पार्टी म्हणजे केक-बिक नाही. एखाद्या बाईने आपल्या घरी दहा-बारा जणी बोलवायच्या. आम्ही तिथे स्वयंपाकघरातले हवाबंद डबे मांडतो, डब्यात पाणी भरतो, झाकण लावतो आणि डबा उलटा धरतो. थेंब पडत नाही. मग बायका ऑर्डर देतात. दुकान नाही, गाळा नाही. जिला हे काम स्वतः करायचं असेल तिने साडेतीन हजार भरून डेमो किट घ्यायचं. त्यात सोळा डबे, त्यांची झाकणं, कॅटलॉग आणि ऑर्डर पॅड असतं. किट विकायचं नसतं, दाखवायचं असतं. हे वाक्य मी प्रत्येक नवीन बाईला तीनदा सांगते. वैशालीलाही सांगितलं होतं. ती तेव्हा कॅटलॉगमधले रंग बघत होती.

आता मी अशा बाईला घेतलंच का, ते सांगते. त्यात माझी शोभा नाही, तरी सांगते.

मी टीम लीडर आहे. टीम लीडरकडे दर महिन्याला सहा जणी ॲक्टिव्ह लागतात. ॲक्टिव्ह म्हणजे त्या महिन्यात निदान पाच घरांतून ऑर्डर आणलेली. सलग दोन महिने सहा भरल्या नाहीत की लेव्हल जाते आणि तुमची टीम उचलून दुसऱ्या लीडरला देतात. डिसेंबरात माझ्याकडे पाचच भरल्या होत्या. जानेवारीत सहावी मिळाली नसती तर राहात्यात बसून आठ वर्षांत जमवलेली टीम संगमनेरच्या बाईकडे गेली असती. त्या बाईने माझ्याच टीममधल्या एका मुलीला फोन करून, "आता आपण एकत्र काम करणार बरं का," असं सांगूनही ठेवलं होतं.

झोनचे सर पुण्याहून फोन करायचे. वयाने माझ्या धाकट्या भाच्याएवढे.

"मॅडम, लिस्ट काढा. शंभर नावं."

"शंभर आहेत सर. त्यातल्या पाच काम करतात."

"माइंडसेट, मॅडम! बाकीच्यांचा माइंडसेट बदला."

"त्यांचा सहा महिन्यांत नाही बदलला. एका महिन्यात कसा बदलू?"

"मग नवीन जॉइन करा."

म्हणून मी नवीन जॉइन केल्या. घाईत तीन. पहिली राहात्याचीच. तिने किटसोबत फोटो काढला, 'माय न्यू जर्नी' म्हणून स्टेटस ठेवलं, एकशे चाळीस जणींनी बघितलं आणि प्रवास तिथेच संपला. दुसरी माझ्या नात्यातली. तिच्या घरी पंधरा दिवसांनी गेले तर खोक्याची पट्टीही निघाली नव्हती. खोक्यावर टेबलक्लॉथ घालून वर मिक्सर ठेवला होता. "उंचीला बरोबर आलं बघा," असं मलाच म्हणाली.

अशा बायकांची भाषा ठरलेली असते. "बघते ताई." "ह्यांना विचारते." "पोरांची परीक्षा होऊ द्या." एकीही सरळ नाही म्हणत नाही. नाही म्हणणारी बाई मला आवडते. तिच्यावर माझं पेट्रोल जात नाही.

तिसरी वैशाली. बाभळेश्वरच्या एका पार्टीत ती पाहुणी म्हणून आली होती. बाकीच्यांचे डबे बघून व्हायच्या आत तिने विचारलं, "मेंबरला डिस्काउंट किती?" जी बाई कमिशनच्या आधी डिस्काउंट विचारते ती गिऱ्हाईक असते, विक्रेती नसते. हे मी दुसऱ्यांना शिकवते. तरी त्या दिवशी मी तिच्यापुढे फॉर्म ठेवला. मला बाई नको होती, आकडा हवा होता.

तिची पहिली पार्टी तिच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच ठेवली. तीस जणींना बोलावणं होतं. फक्त एक गोष्ट बजावून सांगितली, "वाण शेवटी." हळदीकुंकवाला बाई बसत नाही. तिला दुपारी पाच घरं करायची असतात. वाण हातात पडलं की तिला देवही थांबवू शकत नाही. म्हणून आधी डेमो, मग ऑर्डर, मग तिळगूळ-वाण. वाण म्हणून चहाची गाळणी चालेल, साबण चालेल. वैशाली म्हणाली, "वाणाचं टेन्शन घेऊ नका ताई. माझं झालंय."

तिचं काय झालंय ते आता मला गल्लीत दिसत होतं.

आत गेले. वैशाली पैठणी नेसून खुशीत होती.

"उशीर केला ताई! आमच्या गल्लीत असलं वाण कोणीच दिलं नव्हतं. सगळ्याजणी नाव काढत गेल्या."

"किट कुठे आहे?"

"वाटलं की."

"सगळं?"

"डबे सोळाच निघाले ना. बायका तीस. मग निम्म्या जणींना डबा दिला, निम्म्यांना झाकण. झाकण उलटं केलं की ताटली होते. दोन झाकणं उरलीत, ती तुम्हाला ठेवलीत."

मी खाली बसले. वैशालीने मला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि माझ्याच किटची दोन झाकणं माझ्या ओटीत घातली.

"वैशाली, हे किट साडेतीन हजारांचं होतं. ते दाखवून तुला ऑर्डर आणायच्या होत्या."

"पण मेंबर झाल्यावर मिळालेल्या वस्तू आपल्याच असतात ना?"

त्या वेळी मागच्या दारातून तिची सासू आत आली. गयाबाई. वय पासष्टीच्या आसपास, पदर खोचलेला, हाताला पेंडीचा वास. दोन गाई त्या एकट्या सांभाळतात. आमच्याकडे डेअरी दर दहा दिवसांनी पैसे देते, त्याला दुधाचा पगार म्हणतात.

"साडेतीन हजार कशाचं म्हनलं?" त्यांनी मला विचारलं.

"किटचे, मावशी."

"किट कसलं? हिला कंपनीत नोकरी लागली ना? डिपॉझिट भरायचं म्हनून माझा दुधाचा पगार नेला हिनं."

मी वैशालीकडे बघितलं. ती पैठणीच्या निऱ्या नीट करत होती.

"नोकरी नाही, मावशी. धंदा आहे. आणि त्या पैशांत डबे आले होते."

"कुठं हायती डबे?"

गयाबाईंनी रिकामं खोकं बघितलं, माझ्या ओटीतली झाकणं बघितली आणि त्यांना सगळं कळलं. सुनेला जे महिन्याभरात कळलं नाही ते सासूला खोक्याकडे बघून कळलं.

"म्हंजे माझ्या गाईंचं दूध तू कुकू लावून गल्लीत वाटलंस व्हय गं?"

"आत्या, मी सगळ्यांकडून परत आणते. चुकून दिलं म्हणून सांगते."

"वाण परत मागती? दिलेलं वाण मागायला आपल्या घरातून अजून कोनी गेलं न्हाई. तू बी जायचं न्हाई. उद्या मी मेले तर ह्या बायका दारात यायच्या न्हाईत." मग माझ्याकडे वळल्या. "आन् तुमी हो मॅडम! आमची सून कशी हाय ते गल्लीतल्या कुत्र्याला ठावं हाय. तुमाला दिसलं न्हाई?"

दिसलं होतं.

महिना संपायला सहा दिवस होते. सरांना फोन केला असता तर त्यांनी काय सांगितलं असतं ते मला पाठ होतं: पाच ऑर्डर स्वतःच्या पैशाने टाका, वैशालीच्या नावावर चढवा. पुष्कळ लीडर तेच करतात. घरात डब्यांचे ढीग आणि ॲपवर नावापुढे चांदण्या. मी एकदा केलं आहे. ते डबे अजून माळ्यावर आहेत. मी फोन केला नाही.

गयाबाईंनी चहा ठेवायला सांगितला आणि विचारलं, "निस्तं झाकन इकत भेटतं का?"

"मिळतं. पण सुट्या झाकणावर कमिशन नाही. त्याची ऑर्डर धरत नाहीत."

"मग त्ये कुनाला सांगू नका."

"विचारलं तर सांगावं लागेल, मावशी."

"इचारलं तर सांगा. उद्या सकाळी या. आन् त्ये लिवायचं पुस्तक घिऊन या."

सकाळी दहाला आम्ही तिघी निघालो. पुढे गयाबाई, मागे मी, सगळ्यात मागे पॅड घेऊन वैशाली. पहिलंच घर शेजारच्या शोभाचं. तिच्या वाट्याला पिवळं झाकण आलं होतं.

"काय गं शोभे, वाणाचं काय केलंस?"

"भाकरी ठिवते त्याच्यात. पन निस्तं झाकनच दिलं की हो तुमच्या सुनंनं. मला वाटलं डबा मागनं यायचाय."

"डबा मंगलकडं गेलाय. बोलीव तिला."

समोरची मंगल डबा घेऊन आली. त्यात तिने शेंगदाणे भरले होते. गयाबाईंनी ते शोभाच्या सुपात ओतले, डब्यात हंड्यातलं पाणी भरलं आणि शोभाचं झाकण दाबून लावलं. मग त्यांनी डबा उचलून माझ्या डोक्यावर उलटा धरला.

"मॅडम, हलू नका."

मी हलले नाही. थेंब पडला नाही. गल्लीतल्या आणखी चार-पाच जणी गोळा झाल्या होत्या, त्या हसायला लागल्या. अकरा वर्षांत मी डेमो टेबलावर दिला, फरशीवर दिला. लीडरच्या डोक्यावर द्यायचं मला सुचलं नव्हतं.

गयाबाईंनी डबा ओट्यावर ठेवला. "घ्या आपापलं वाण."

मंगलने डब्याला हात घातला. शोभाने झाकण धरलं. झाकण चांगलं घट्ट बसलं होतं.

"सोड की, डबा माझा हाय," मंगल म्हणाली.

"घे की. झाकन काढून घे."

"झाकनाशिवाय शेंगदान्याला मुंग्या व्हत्यात."

"मग मी काय निस्त्या झाकनात मुंग्या पाळू?"

दोघींपैकी कोणीच सोडेना. गयाबाई मध्ये पडल्या नाहीत. त्या खाली बसून तंबाखू मळत राहिल्या. थोड्या वेळाने शोभाने मला विचारलं, "मॅडम, हाच आख्खा डबा केवढ्याला?"

"एकटा नाही, चारचा सेट आहे." मी कॅटलॉग उघडला. शोभाने सेट लिहायला सांगितला. शोभा सेट घेते म्हटल्यावर मंगलने त्याच्यापेक्षा मोठा घेतला. सुट्या झाकणाचं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

गयाबाईंनी पुढच्या तीन दिवसांत सगळी गल्ली अशीच केली. डबेवालीला झाकणवालीकडे न्यायचं, दोघींसमोर डबा बंद करायचा आणि आपण तंबाखू मळत बसायचं. कुठे आग्रह नाही, कुठे 'तुमच्या फॅमिलीसाठी' नाही. एका घरी एक म्हातारी म्हणाली, "गया, तू बी आता धंद्याला लागली व्हय?" गयाबाई म्हणाल्या, "मी न्हाई. माझ्या गाई लागल्यात."

अकरा ऑर्डर आल्या. पॅडवर नाव वैशालीचं, अक्षर वैशालीचं. नियमाने वैशाली ॲक्टिव्ह झाली. माझ्या सहा भरल्या आणि लेव्हल राहिली. संगमनेरच्या बाईने माझ्या टीममधल्या मुलीला फोन करणं बंद केलं.

सरांनी झोनच्या ग्रुपवर वैशालीचा फोटो टाकला. वर 'न्यू स्टार', खाली टाळ्या. मला फोन करून म्हणाले, "बघितलंत मॅडम? माइंडसेट!" मी हो म्हटलं. गयाबाईंचं नाव त्यांना सांगून उपयोग नव्हता. त्यांनी गयाबाईंना लगेच झूम मीटिंगला बसवलं असतं.

कमिशनचे पैसे आले त्या दिवशी मी मुद्दाम कोल्हारला गेले. वैशाली घरी नव्हती. गयाबाई गोठ्यात होत्या. मी फॉर्म बरोबर नेला होता.

"मावशी, तुम्ही जॉइन व्हा. किटचे पैसे मी भरते."

हे मी अकरा वर्षांत कोणालाही म्हटलेलं नाही.

"मला न्हाई जॉइन-बिइन व्हायचं. सुनंच्या कमिशनातनं माझा पगार माझ्याकडं आला. झालं माझं काम."

"वर्षाला चांगले पैसे कमवाल तुम्ही."

"कमवीन की. आन् गाईचं शेन काय तुमचं सर काढत्याल?"

त्यांनी ऑर्डर पॅड फडक्याने पुसून माझ्या हातात दिलं.

फेब्रुवारीत वैशालीची एकही ऑर्डर आली नाही. मार्चमध्येही नाही. आता ती नेल आर्टचा ऑनलाइन कोर्स करते, असं तिच्या स्टेटसवरून कळलं. फी कोणी भरली ते मला माहीत नाही. गयाबाईंनी भरली नसणार एवढं नक्की.

मी माझ्यापुरता नियम बदलला. पूर्वी नवीन बाईला मी तिचं स्वप्न काय, दिवसाला किती वेळ देशील, असलं ट्रेनिंगमधलं विचारायचे. त्यावर सगळ्याजणी फार छान बोलतात. आता एकच विचारते, "किटचे पैसे कोणाचे?" स्वतःचे असतील तर पुढे बोलते. नवऱ्याचे किंवा सासूचे असतील तर चहा पाजते आणि परत पाठवते. सासू बरोबर आलेली असेल तर फॉर्म सासूपुढे ठेवते.

अजून एकाही सासूने सही केलेली नाही. त्या फॉर्म शेवटपर्यंत वाचून घेतात.