मातीला दिलेली पुस्तकं

चर्चच्या मागच्या खोलीतलं कपाट मी उघडलं आणि आत नाताळची चांदणी, स्टीलची ताटं आणि लग्नात लावायच्या झिरमिळ्या दिसल्या. पुस्तक एकही नाही. मी कपाट बंद केलं आणि पुन्हा उघडलं, जणू दुसऱ्या खेपेला पुस्तकं लाजून परत येणार होती.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची ही गोष्ट. त्या कपाटात आमच्या प्रेसबिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती मंडळीची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची मराठी पुस्तकं होती. देव, पाप, तारण यांवर वाद घालणारी जाडजूड पुस्तकं, मंडळी या मुलखात कशी उभी राहिली त्याचा इतिहास, आणि मंडळीचा कारभार कसा चालवायचा त्याचे नियम. इतिहासाची दुसरी प्रत कुठे आहे हे मला कुणीच सांगू शकलं नव्हतं. मी शाळेत इतिहास शिकवायची, त्यामुळे हा किडा माझ्याच डोक्यात. फोन करकरून मी पुण्याच्या एका ग्रंथालयाला पटवलं होतं. त्यांची माणसं पुढच्या आठवड्यात येऊन पानापानाचा फोटो काढणार होती. घरी मात्र मी यातलं अजून काहीच बोलले नव्हते.

घरी आले तर सासरे पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मी त्यांना मामा म्हणायची. उभं आयुष्य शिरोलीच्या फौंड्रीत, लोखंड वितळवायच्या भट्टीपुढं गेलेलं, आवाज त्याच मापाचा. शिवाय ते चर्चमधले सगळ्यांत जुने ‘वडील’. आमच्यात वडील म्हणजे मंडळीनं निवडून दिलेली जाणती माणसं. त्यांना विचारल्याशिवाय धर्मगुरूंचं, म्हणजे पाळकांचंही पान हलत नाही. आणि कपाटातली ती पुस्तकं खरोखर वाचलेला माणूस हा एकटाच.

“मामा, कपाटातली पुस्तकं कुठायत?”

“मातीला दिली.”

मला थट्टा वाटली. “म्हणजे?”

“म्हंजे काय, दफनभूमीत. शनवारी. चार वडील हुतो, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, गीत म्हटलं. सगळं रीतसर.”

मी तिथंच पायरीवर बसले.

फाटकं बायबल आमच्यात रद्दीत घालत नाहीत, पुरतात. मामांच्या हातात एकदा फुटाण्याचा पुडा आला होता आणि पुड्याच्या कागदावर देवाचं नाव होतं. त्या दिवशी ते जेवले नव्हते. हे सगळं मला ठाऊक होतं.

“पण मामा, ती काही बायबलं नव्हती.”

“देवाचंच न्हवं का सगळं त्यात?”

मग मात्र मी सासऱ्यांवर आवाज चढवला, लग्नानंतर पहिल्यांदाच. शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहिले. मामा शेंगा फोडत राहिले.

पाळक नवीन होते, तरुण होते. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. “मला वाटलं, तुमच्याच घरून निघालंय, तुम्हाला माहीत असेल.” उकरायची परवानगी ते एकटे देऊ शकत नव्हते. रविवारी उपासनेनंतर वडिलांची बैठक बसली आणि मलाही बोलावलं.

“मातीला दिल्यालं परत उकरायचं?” गडमुडशिंगी गावचे एक वडील म्हणाले. “हे कुठलं शास्त्र?”

“उकरायचं न्हाय,” मामा म्हणाले. त्यांचा विरोध सगळ्यांत कडक.

तिसरे म्हणाले, “भांडताय कशाला? नियम काय हाय ते बघा की आधी.” हे सगळ्यांनाच पटलं. पाळक म्हणाले, “आणा नियमांचं पुस्तक.”

कुणीच उठलं नाही. नियमांचं पुस्तकही बाकीच्यांबरोबर जमिनीखालीच होतं. मला हसू यावं की रडू, काहीच कळेना.

मग सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. नियम त्यांना तोंडपाठ. ‘मनाई हाय’ एवढं ते म्हणाले असते तर विषय तिथंच संपला असता. त्यांनी गुडघ्यावरून तळहात फिरवला, पुन्हा फिरवला.

“मनाई न्हाय,” ते म्हणाले. “पुस्तकं उकरू नयेत असं नियमात कुठंच न्हाय.” आणि मान खाली घातली. खरं बोलून माणूस एवढा का खचावा, ते तेव्हा मला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी खणलं. पेटीत घालून पुरल्याचं कानावर आलं होतं, पण मी लाकडी खोकं धरून चालले होते, आणि तिथली वाळवी लाकडाची फळीसुद्धा ठेवत नाही. कुदळ लोखंडावर वाजली. मामांच्या खाटेखालची ट्रंक होती ती. झाकणाच्या फटी डांबरानं बुजवलेल्या. पहारीनं झाकण उचकटलं तर आत सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात, कडुनिंबाच्या पाल्यात बांधलेली पुस्तकं, कोरडी ठणठणीत. मी इतिहास छातीशी धरला आणि सगळ्यांदेखत रडले.

मग तळाशी आणखी एक पुस्तक दिसलं. काळ्या कातड्याचं, बुटाच्या नाडीनं बांधलेलं. मामांचं बायबल. मी हादरले. आदल्याच संध्याकाळी घरच्या प्रार्थनेला मामांनी मांडीवर काळं पुस्तक उघडून अख्खा अध्याय वाचला होता.

ते लांब झाडाखाली उभे होते. मी बायबल त्यांच्या हातात ठेवलं. बोटांनी नाडी चाचपली आणि त्यांना कळलं.

“हे इथं, मग घरी काय वाचता?”

“गीतांचं पुस्तक हाय ते,” ते म्हणाले. “दिसत न्हाय मला, पोरी. दिवाळीपासनं. डॉक्टर म्हणाला नस वाळली. पाठ हाय तेवढं म्हणतो.”

बैठकीत त्यांनी मान का खाली घातली होती ते मला आता कळलं; ट्रंक उघडली की हेही उघडं पडणार होतं.

“त्या कपाटातलं मी एकटाच वाचत हुतो. डोळं गेलं, म्हटलं, आता ह्यास्नी कोण हाय? पुड्या बांधायला जाण्यापरीस माती बरी.”

“मग डांबर कशाला लावलंत?”

त्यांनी बायबलाची नाडी पुन्हा घट्ट बांधली.

त्या संध्याकाळी प्रार्थनेला मामांनी मांडीवर काहीच घेतलं नाही. प्रार्थना झाल्यावर मी त्यांच्याजवळ बसून इतिहासाचं पहिलं पान उघडलं. जुनी मराठी, एकेक वाक्य हातभर लांब. मी हळूच सुरुवात केली.

“मोठ्यानं वाच,” मामा म्हणाले. “भट्टीपुढं कान बी गेल्यात.”