शेपटाची बिजागरी

मी पत्रकांवर वाढले. बाबा सातपूरच्या कारखान्यात होते. पाळी सुटताना गेटवर वाटायच्या युनियनच्या पत्रकांच्या घड्या मीच घालायचे. प्रत्येकाच्या शेवटी ठळक अक्षरांत एकच ओळ असे : आम्ही झुकणार नाही. ती मी इतकी मनावर घेतली, की लोखंडालाही लागू केली.

सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावर आम्ही मित्रमैत्रिणींनी घरीच बनवलेली पवनचक्की उभी केली. पावसाळ्यात तिथली वीज आठ-आठ दिवस जायची आणि पाड्याचं आजारपण-बाळंतपण पाहणाऱ्या आशाताईंचा फोन बंद पडायचा. अडलेल्या बाईसाठी गाडी बोलवायला तो एकच फोन.

पाती वाऱ्याला सामोरी ठेवणारं शेपूट माझ्याकडे होतं. बाबांच्या युनियनच्या जुन्या फलकाचा पत्रा मी त्यासाठी घेतला, त्याच घोषणेसकट. बाबांचे दोस्त काका कारखान्यात लेथ चालवायचे; आता निवृत्त होते. त्यांच्याच शेडमध्ये काम चाले. ते म्हणाले, "पोरी, शेपटाला तिरपी बिजागरी ठेव. वादळात चक्कीला तोंड फिरवता आलं पाहिजे."

"तोंड फिरवायचं? काका, आपण?"

"तू नको फिरवूस. तिला फिरवू दे."

मी शेपूट पक्कं वेल्डिंग करून टाकलं.

वैशाखातल्या वादळात दोन पाती मोडली. आशाताई जीपने सुरगाण्याला उतरल्या, फोन चार्ज केला आणि मला कळवलं. "एकीला सातवा लागलाय, ताई," एवढंच म्हणाल्या. रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेपूट उतरवून मी काकांकडे गेले. भाषण ऐकायची तयारी होती. त्यांनी कपाटातून तेलकट फडक्यात गुंडाळलेली बिजागरी काढली. "तू वेल्डिंग केलंस त्याच दिवशी लेथवर करून ठेवली होती."

मग त्यांनी शिकवलं. पात्यांचं चाक खांबाच्या मध्यापासून चार बोटं बाजूला घ्यायचं. वारा फार झाला की चाक वाऱ्यापासून वळतं, शेपूट बिजागरीच्या तिरप्या खिळीवर वर चढतं. वारा ओसरला की स्वतःच्या वजनाने खाली येतं आणि चाक पुन्हा वाऱ्याला सामोरं होतं. शेपूट जड झालं तर चढत नाही, हलकं झालं तर झुळुकीलाही दुमडतं. आम्ही पत्रा तीनदा कापला. तिसऱ्या वेळी घोषणेची निम्मी अक्षरं गेली. मी हरकत घेतली नाही. नवी पाती लावून चक्की पुन्हा उभी केली.

आषाढात आशाताईंचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता. "ताई, काल लय वारं होतं. तुझी चक्की तोंड फिरवून बसली, शेपूट वर करून! सगळे हसत होते."

"आणि फोन?"

"मग मी काय झाडावरून बोलते? याच फोनवरनं पहाटे गाडी बोलावली. पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

मी पेढे घेऊन थेट काकांच्या शेडवर गेले. आभाराची दोन वाक्यं वाटेत जुळवली होती. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि मला मध्येच थांबवलं.

"वारं पडल्यावर शेपूट खाली आलं ना?"

"आलं, काका."

"मग झालं," म्हणाले, आणि दुसरा पेढा घेतला.